रायफलची बॅरल काढायची-बसवायची अवजारं निवडताना: जोर कुठून कुठे जातो ते आधी पाहा

नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीत जिग-फिक्स्चर बनवण्यात माझी बरीच वर्षं गेली. त्यातच एका परवानाधारक बंदूक दुरुस्तीवाल्याशी ओळख झाली. पहिल्यांदा त्याच्या दुकानात गेलो, तेव्हा त्याने मला एक जुनी रायफल दाखवली. बॅरलच्या बुडाशी पाइप पान्याच्या दातांच्या खोल खुणा होत्या. रिसीव्हरवर, म्हणजे नळी ज्यात बसते त्या मागच्या पोलादी घरावर, दोन्ही बाजूंनी व्हाइसच्या जबड्यांचे वळ उठले होते. आधी कोणीतरी बॅरल सोडवायचा प्रयत्न केला होता आणि बॅरल जागची हललीही नव्हती. चांगलं पोलाद असं नासलेलं पाहून मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून या कामाची अवजारं त्याच्यासाठी मीच घडवतो. रायफल त्याच्या दुकानाबाहेर येत नाही, मापं घ्यायला मीच तिकडे जातो.

हा शेवटचा मुद्दा आधी नीट समजून घ्या. आर्म्स ॲक्ट १९५९ च्या कलम ५ प्रमाणे बंदूक बनवायला, विकायला, दुरुस्त करायला किंवा तपासून द्यायला वेगळा परवाना लागतो. रायफल जवळ बाळगण्याचा परवाना असला म्हणून घरच्या बाकावर तिची बॅरल काढता येत नाही. कलम ६ प्रमाणे बॅरल आखूड करायलाही परवाना लागतो. म्हणून हा लेख दुरुस्तीचा परवाना असलेल्यांसाठी आहे, त्यांना अवजारं बनवून देणाऱ्या माझ्यासारख्या वर्कशॉपवाल्यांसाठी आहे, आणि आपली रायफल दुसऱ्याच्या हाती सोपवताना चार प्रश्न विचारू पाहणाऱ्या नेमबाजांसाठी आहे. दहा मीटरच्या एअर रायफलचं गणित वेगळं आहे, ते शेवटी घेतो.

आधी सांधा ओळखा

अवजार विकत घेण्याआधी बॅरल रिसीव्हरमध्ये कशी धरलेली आहे ते पाहायचं. सगळ्याच बॅरल पिळून निघत नाहीत.

बहुतेक बोल्ट ॲक्शन रायफलमध्ये (हाताने मागे-पुढे सरकवायचा बोल्ट जिथे काडतूस आत कोंडतो) बॅरलच्या मागच्या टोकाला आटे असतात. आट्यांपुढे एक खांदा असतो, तो रिसीव्हरच्या तोंडावर घट्ट बसतो आणि सांधा आवळलेला राहतो. रेमिंग्टन ७०० मध्ये त्या दोघांच्या मधे रिकॉइल लगची (गोळी सुटतानाचा मागचा धक्का स्टॉकवर घेणारी) वेगळी जाड चकती अडकवलेली असते. माउझर ९८ मध्ये बॅरलची मागची कड रिसीव्हरच्या आतल्या कड्यावर टेकते. सॅव्हेज ११० ला खांदाच नसतो. तिथे बॅरलवर मोठा नट असतो आणि तोच सांधा आवळतो. लीएनफिल्ड घराण्याच्या रायफलींना खांदा आणि आटे दोन्ही असतात, पण पुढचं साइट (नेम धरायची माशी) बॅरलवरच असल्यामुळे बॅरल नेमक्या कोनात येऊन थांबावी लागते. इशापूरच्या कारखान्यातली .३१५ रायफल याच ॲक्शनवरची (रिसीव्हर-बोल्टच्या रचनेची) आहे आणि आपल्याकडे परवान्यावर ती पुष्कळांकडे आहे, म्हणून हे नमुने नीट ओळखता यायला हवेत.

काही बॅरलला आटेच नसतात. रुगर १०/२२ मध्ये व्ही आकाराचा ठोकळा आणि दोन स्क्रू बॅरल खेचून धरतात. सीझेड ४५५ ची बॅरल तर दोन ग्रब (डोकं नसलेल्या) स्क्रूंवर उभी असते. अशा रायफलला पाना लावून पिळलं, तर सोडवायला काहीच नसतं, फक्त तोडायला असतं. ‘ही पिळायची आहे की सरळ ओढायची’ हा प्रश्न पहिला, आणि त्याचं उत्तर उत्पादकाच्या पुस्तिकेत किंवा त्या रायफलच्या आकृतीत पाहायचं, अंदाजाने ठरवायचं नाही.

एक हिशेब, कागदावर

अवजार कशासाठी लागतं हे या हिशेबातून जितकं कळतं तितकं दुसऱ्या कशानेच कळत नाही.

समजा, अडकलेली बॅरल सुटायला ३०० न्यूटन मीटर टॉर्क (पिळण्याचा जोर) लागतोय. बॅरलचा व्यास ३० मिमी, म्हणजे त्रिज्या १५ मिमी. मग बॅरलच्या पृष्ठभागावर, जिथे आपली पकड आहे तिथे, ३०० भागिले ०.०१५ म्हणजे २०,००० न्यूटन जोर येतो. साधारण दोन टन. बाकावरच्या साध्या व्हाइसमध्ये बॅरल गुळगुळीत का फिरते, आणि ती धरायला कोणी पाइप पाना का लावतो, ते इथे दिसतं. पाइप पाना दात रोवून धरतो. दात रोवले की धातू फाटतो.

आता बॅरल व्हाइसकडे या. खालचा जाड ठोकळा, वरचा ठोकळा, मधे बुश (बॅरलभोवती बसणारी धातूची नळी) आणि दोन बाजूंना दोन एम१२ चे ८.८ ग्रेडचे स्क्रू. नीट आवळला तर असा एक स्क्रू जवळपास ३८ किलोन्यूटन ताण देतो, दोन मिळून ७६. कोरड्या बुशचं घर्षण ०.२ धरलं तर वरून आणि खालून मिळून ३० किलोन्यूटन पकड येते, गरजेपेक्षा दीडपट. पण बुशला किंवा बॅरलला तेलाचा हात लागला असेल आणि घर्षण ०.१ वर आलं असेल, तर पकड १५ वर येते. म्हणजे बॅरल घसरणार. तेच व्हाइस, तेच स्क्रू, फरक फक्त तेलाच्या पापुद्र्याचा.

म्हणून बॅरल धरायच्या आधी ती जागा आणि बुश थिनरने किंवा ॲसिटोनने पुसा आणि वर राळेची बारीक पूड चोळा. हीच ती राळ, सारंगीच्या गजाला लावतात तीच. महागड्या व्हाइसपेक्षा पाच रुपयांची राळ जास्त काम करते, हे मी अनुभवाने सांगतो. जास्त जोराचं काम असेल तर चार स्क्रूंचं व्हाइस घ्या. स्क्रू एम१२ पेक्षा बारीक घेऊ नका आणि ते एकाआड एक, थोडे थोडे आवळत जा.

बुश: इथेच जास्त लक्ष द्या

बॅरलला व्हाइसची बॉडी लागत नाही, बुश लागतो. बुश चुकला की सगळं चुकलं.

माझी चूक अशी झाली होती. पहिला बुश मी बॅरलच्या मापापेक्षा ०.३ मिमी मोठा बोअर केला. सहज आत जायला हवा असं वाटलं. स्क्रू आवळल्यावर बुशने बॅरलला फक्त दोन रेषांवर धरलं. जोर लावताच बॅरल फिरली आणि निळ्या रंगावर दोन चकाकत्या पट्ट्या उमटल्या. ती रायफल मित्राच्या ग्राहकाची होती. त्याला पुन्हा ब्लूइंग (पोलादावरचा तो निळा थर) करून द्यावं लागलं आणि मालकाला खरं काय ते सांगावं लागलं.

तेव्हापासून मी बुश असा करतो. ॲल्युमिनियमचा गोल रॉड घ्यायचा, ५० मिमी किंवा थोडा जास्त लांब. बॅरलचा व्यास मायक्रोमीटरने तीन ठिकाणी मोजायचा. बोअर त्या मापाला नेमका, चढायला जेमतेम जागा ठेवून करायचा. मग एका बाजूने आरपार चीर पाडायची, म्हणजे आवळल्यावर बुश बॅरलला सगळीकडून मिठी मारेल. बॅरल निमुळती असेल तर लेथच्या कंपाउंड स्लाइडला तोच उतार देऊन बुशही निमुळता बोअर करा. सरळ बुश निमुळत्या बॅरलला फक्त एका कडेवर धरतो आणि ती कड बॅरलमध्ये रुतते. नाशिकच्या औद्योगिक वसाहतीत हे काम करणारा लेथवाला शोधायला अर्धा दिवस पुरतो. फक्त त्याला बॅरल द्यायची नाही, लिहिलेली मापं आणि आकृती द्यायची.

फिनिश जपायचं असेल तर बुश आणि बॅरलच्या मधे जाड कागदाची एकच पट्टी घाला, तिच्यावरही राळ लावा. लाकडी ठोकळेही चालतात. सागापेक्षा घट्ट लाकूड घ्या. लाकूड दबतं आणि बॅरलचा आकार घेतं, म्हणून विचित्र आकाराच्या बॅरलला ते उपयोगी पडतं. पण एकदा आकार घेतलेला ठोकळा दुसऱ्या बॅरलसाठी वापरू नका.

आणि बॅरल कुठे धरायची? रिसीव्हरच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जवळ, बॅरलच्या जाड, सरळ भागावर. नळीच्या मधोमध धरली तर तिथून आट्यांपर्यंतचा सगळा धातू पीळ खातो आणि झटक्याने दिलेला जोर बराचसा त्या पिळातच मुरतो.

ॲक्शन पाना: दुसऱ्या टोकाची पकड

बॅरल व्हाइसमध्ये घट्ट आहे. आता रिसीव्हर फिरवायचा आहे. वरच्या त्या जुन्या रायफलवरचे वळ इथेच उठले होते, कारण रिसीव्हर पोकळ असतो. साध्या व्हाइसमध्ये दाबला तर तो चेपतो आणि बोल्टची ये-जा घट्ट होते.

पान्याचे दोन प्रकार. बाहेरून धरणारा पाना दोन भागांचा असतो. वरचा भाग रिसीव्हरच्या पाठीच्या वळणाचा, खालचा भाग पोटाच्या आकाराचा. माउझर ९८ चं पोट सपाट आहे, रेमिंग्टन ७०० चं गोल. एका रायफलचा पाना दुसरीला लावून ‘भागवायचं’ नाही. पाना पुढच्या रिंगवर, आट्यांच्या बरोबर बाहेर बसला पाहिजे. मागच्या ब्रिजवर (रिसीव्हरच्या मागच्या कमानीवर) धरून फिरवलं तर रिंग आणि ब्रिज यांच्यामधल्या नाजूक पट्ट्या पिळवटतात. बाहेरून काही दिसत नाही, नंतर बोल्ट रखडायला लागतो. स्कोपच्या स्क्रूंची भोकं रिंगवर असतील तर पान्याचे स्क्रू त्यांच्यावर येणार नाहीत अशी रचना करा.

दुसरा प्रकार आतून धरणारा. तो मागून, बोल्टच्या जागी सरकतो आणि पुढच्या लगच्या (बोल्टला कुलूप लावणाऱ्या कंगोऱ्यांच्या) खाचांत अडतो. बाहेर खूण उमटत नाही आणि पाना अगदी सांध्यापाशीच धरतो, म्हणून पुढे लग असणाऱ्या ॲक्शनला हा मला जास्त पसंत आहे. पण लीएनफिल्डला तो लागूच होत नाही. त्या ॲक्शनमध्ये बोल्टचे लग मागे अडतात, पुढे धरायला खाचाच नसतात. .३१५ साठी म्हणून बाहेरून धरणारा, तिच्याच मापाचा पाना करून घ्यावा लागतो. पोलाद ईएन२४ किंवा त्याच तोडीचं घ्या आणि आतल्या बाजूला पितळेचा किंवा ॲल्युमिनियमचा पातळ अस्तर पत्रा द्या.

हँडल किती लांब असावं? बसवताना १०० न्यूटन मीटर लागणार असेल तर ६० सेंमीच्या हँडलला १७ किलोचा जोर पुरतो, हलक्या हाताचं काम आहे. काढताना मीटरभर हँडलवर ४० किलो लावलात तर ३९० पर्यंत जाता. म्हणून काढायला लांब आणि बसवायला आखूड, अशी दोन हँडलं ठेवा. लांब हँडलने बसवायला गेलं की हाताला अंदाज राहत नाही.

आता काढण्याचा क्रम

रायफल रिकामी आहे हे डोळ्यांनी आणि बोटाने, दोन्हींनी तपासा. चेंबरमध्ये (बॅरलमधली काडतूस बसायची जागा), मॅगझिनमध्ये. मग मॅगझिन, बोल्ट, ट्रिगर, लाकडी स्टॉक, स्कोप आणि माउंट काढून वेगळे ठेवा. ओझरला विमानांच्या कामात आयुष्य घालवलेल्या एका शेजाऱ्याने मला शिकवलं की प्रत्येक अवजाराची आणि सुट्या भागाची जागा फळीवर आखून ठेवावी. काम संपलं की रिकामी आकृती दिसली पाहिजे, नाहीतर काहीतरी आत राहिलंय. मी मित्राच्या बाकावर तशी फळी लावून दिली आहे.

बॅरल आणि रिसीव्हर यांच्यावर सांध्यापाशी आरपार एक बारीक रेघ ओढा, कायमची खूण करायची नसेल तर मार्करने. परत बसवायची असेल तेव्हा कोन त्यावरून कळतो. सांध्यावर गंज काढणारं तेल सोडा आणि एक रात्र द्या. पावसाळ्यात नाशिकला आलेल्या रायफलींना मी दोन रात्री द्यायला सांगतो. तेल सांध्यापुरतंच, बुशच्या जागेकडे ओघळू देऊ नका, हिशेब वर केलाच आहे.

व्हाइस जड बाकावर आणि बाक भिंतीला किंवा जमिनीला बोल्ट केलेला असावा. पाना बसवा, हँडल डावीकडे फिरवा, कारण बहुतेक आटे उजवे असतात. सावकाश दाब वाढवण्यापेक्षा आधी दाब द्या आणि मग हँडलच्या टोकावर तांब्याच्या किंवा प्लास्टिकच्या हातोड्याने एक छोटा, नेमका ठोका द्या. सांधा सुटताना ‘टक’ असा स्वच्छ आवाज येतो. करकर ऐकू आली तर थांबा, बुश घसरतोय. पकड पुन्हा नीट करा.

नाहीच सुटली तर हीट गनने सांध्यापाशी हात लावता येणार नाही इतपतच तापवा. गॅसची ज्योत रिसीव्हरवर कधीही नको. तो उष्णता-प्रक्रिया केलेला असतो आणि पोलादाचा रंग बदलला की लगच्या जागेची कठीणता गेली. तशी रायफल पुन्हा चालवायची नाही. बॅरल टाकूनच द्यायची असेल तर परवानाधारक कारागीर लेथवर, खांद्याच्या किंचित पुढे, बॅरलवर उथळ खाच घेतो. खांद्याचा ताण सुटतो आणि हट्टी बॅरलही हाताने फिरते. जुन्या, गंजलेल्या रायफलींना मला हाच मार्ग सगळ्यात दयाळू वाटतो.

बसवण्याची अवजारं वेगळी

काढायला ताकद लागते, बसवायला माप लागतं. इथे तीन गोष्टी विकत घ्याव्यातच: आट्यांसाठी नायलॉनचा ब्रश, टॉर्क रेंच आणि त्या काडतुसाची हेडस्पेस गेज (तिच्याबद्दल पुढे).

आटे ब्रशने आणि थिनरने पूर्ण साफ करा. खांद्यावर बारीकसा ओरखडा किंवा कण जरी राहिला तरी बॅरल वाकडी बसते. आट्यांना आणि खांद्याला अँटी-सीझ ग्रीसचा पातळ थर लावा, कारण पुढच्या वेळी ही बॅरल काढणारा माणूसही माणूसच असतो. हाताने फिरवत न्या. हाताने शेवटपर्यंत जात नसेल तर पाना लावू नका, आटे तपासा.

टॉर्क रेंच अर्धा इंची चौकाचा, ४० ते २०० न्यूटन मीटरचा घ्या. साध्या खांद्याच्या बोल्ट ॲक्शनला साधारण ७० ते १३५ च्या पट्ट्यात काम होतं आणि नेमका आकडा बॅरल किंवा ॲक्शन बनवणाऱ्याने दिलेलाच धरायचा. ते माप रेंचच्या मधल्या भागात येतं, तिथेच तो खरा सांगतो. काम झालं की सेटिंग खाली आणून ठेवा. आयएसओ ६७८९ प्रमाणे वर्षातून एकदा किंवा ५,००० वापरांनंतर तो तपासून घ्यावा लागतो.

इथे एक गोष्ट हमखास विसरली जाते. ॲक्शन पान्यावरचा चौकोनी खाचा बॅरलच्या मध्यरेषेपासून बाजूला असेल आणि रेंच त्याच्याच सरळ रेषेत लावला, तर रेंच १०० दाखवतो तेव्हा सांध्यावर जास्त येतं. रेंच ४५० मिमीचा आणि खाचा ५० मिमी दूर असेल तर ५०० भागिले ४५०, म्हणजे अकरा टक्के जास्त. रेंच पान्याला काटकोनात लावला तर ही वाढ येत नाही. मी पाना करतानाच खाचा मध्यरेषेवर घेतो. तयार पाना घेताना तेवढं आधी पाहा.

हेडस्पेस, ज्यावर सगळं अवलंबून

बोल्ट बंद असताना बोल्टच्या तोंडापासून चेंबरमध्ये काडतूस जिथे टेकून थांबतं तिथपर्यंतचं अंतर म्हणजे हेडस्पेस. जास्त झालं तर काडतुसाचं पितळ मागे ताणून फाटू शकतं आणि गरम वायू मारणाऱ्याच्या तोंडाकडे येतो. म्हणून बॅरल कितीही सुंदर बसली तरी गेजशिवाय ती बसली असं म्हणायचं नाही.

.३०८ विंचेस्टरचं उदाहरण घ्या. ‘गो’ गेज १.६३० इंच, ‘नो-गो’ १.६३४ इंच. मधला फरक चार हजारांश, म्हणजे ०.१ मिमी. गो गेजवर बोल्ट बंद व्हायला हवा, नो-गोवर व्हायला नको. सॅव्हेजसारख्या नट असलेल्या बॅरलला इंचात २० आटे असतात, म्हणजे एका फेऱ्याला १.२७ मिमी. ०.१ मिमी म्हणजे फक्त २९ अंश फिरणं. घड्याळाच्या काट्याने एक तास ओलांडला की फरक संपला. नट आवळताना बॅरल किती सहज सरकते ते पाहिलं, की त्या कामाला गेज हातात ठेवूनच का बसायचं ते उमगतं. नट आवळून झाल्यावर गेज पुन्हा घाला.

गेज तपासताना बोल्टमधला फायरिंग पिन, एक्स्ट्रॅक्टर आणि इजेक्टर काढलेला असावा, नाहीतर स्प्रिंगचा दाब बोटाला फसवतो. बोल्ट एका बोटाने खाली न्या, जोर लावून नाही. .३१५ सारख्या बुडाच्या कडेवर (रिमवर) थांबणाऱ्या काडतुसाला कडेच्या जाडीचं वेगळं गेज लागतं, .३०८ चं गेज तिथे निरुपयोगी. गेज ज्या काडतुसाचं, बॅरल त्याच काडतुसाची, हे दोन्हीवरची अक्षरं वाचून खात्री करा.

लीएनफिल्डला कोनाचाही प्रश्न येतो. हाताने घट्ट केल्यावर पुढच्या साइटची बैठक उभ्या रेषेच्या थोडी आधी थांबली पाहिजे आणि टॉर्कने उरलेला कोन भरून ती बरोबर वर आली पाहिजे. हातानेच वर येत असेल तर सांधा सैल राहणार. खूपच आधी थांबत असेल तर खांदा लेथवर अगदी थोडा उतरवायचा, कानशीने नाही. कानस खांद्याचा काटकोन बिघडवते.

एअर रायफलवाल्यांसाठी

स्पर्धेची दहा मीटर एअर रायफल ४.५ मिमीची असते. तिची ताकद २० जूलच्या आत असेल तर ती आर्म्स रूल्स २०१६ प्रमाणे परवान्याच्या कक्षेबाहेर राहते. इथे ना बॅरल व्हाइस लागतं ना ॲक्शन पाना. बहुधा ग्रब स्क्रूने धरलेली बॅरल असते आणि चुकीच्या मापाची, गुळगुळीत झालेली ॲलन की हाच तिचा मोठा शत्रू. चांगल्या पोलादाच्या ॲलन की आणि काही न्यूटन मीटरचा टॉर्क स्क्रूड्रायव्हर घ्या. त्याआधी २०० बारपर्यंत भरलेला सिलेंडर काढा आणि रिसीव्हरमध्ये उरलेली हवा मोकळी केली आहे का ते पाहा. मुलामुलींना रायफल घेऊन देणाऱ्या पालकांना माझी विनंती: बॅरल सैल झाल्याचा संशय आला तरी घरी स्क्रू फिरवू नका, आधी प्रशिक्षकाला दाखवा. स्क्रूच्या जागेवर कारखान्याने लावलेली रंगाची खूण असेल तर तिचा फोटो काढून ठेवा. स्क्रू सैल झाला की नाही ते पुढच्या वेळी ती खूण तुटली आहे का यावरूनच कळतं.

रायफलची असो वा एअर रायफलची, बसवलेल्या बॅरलची नोंद ठेवा. तारीख, टॉर्क, कोणत्या गेजने तपासली, कोणता बुश वापरला. मी प्रत्येक बुशवर मापाचा आकडा ठोकून ठेवतो आणि तोच आकडा वहीत लिहितो. पुढच्या दुरुस्तीला ती रायफल परत येते, तेव्हा पहिल्यांदा वही उघडायची, मग बुश उचलायचा.